तिरकी रेघ

कलिन्याच्या विद्यापीठात, तिसऱ्या मजल्यावर,
मॅडमनी साठ शब्द दिले. म्हणाल्या, मराठी कर.
शब्दाला पंधरा रुपये.
विशेषणं होती सगळी.
माणसानं स्वतःला एक ते सातात मोजायचं,
मग आम्ही ठरवणार
त्याच्यात पुरुष किती नि बाई किती.

पहिल्याच शब्दाला अडले.
हळवा, की हळवी?
प्रश्न विचारायच्या आतच
भाषेनं उत्तर देऊन टाकलेलं.
मॅडम म्हणाल्या, मध्ये तिरकी रेघ दे.
दिली.
भित्रा तिरकी रेघ भित्री.
बोलका तिरकी रेघ बोलकी.
रेघेच्या अलीकडे दरवेळी तोच.

रात्री उशिरा ध्यानात आलं,
काही शब्द कुणासाठीच वाकत नाहीत.
कणखर. प्रेमळ.
तापट, खंबीर, लाजाळू.
ह्यांना मिशी नाही, कुंकू नाही.
त्यांची वेगळी यादी केली मी, उगाच,
वहीच्या मागच्या पानावर.

विक्रोळी, कन्नमवार नगर.
इंदुमती खोराटे, वय एकसष्ट, माहेर कागल.
चहा टाकत म्हणाल्या,
"लग्न होऊन आलो तेव्हा मी 'आलो'च म्हणायचो.
आमच्याकडं पोरी तशाच बोलत्यात.
सासूबाई म्हणाल्या, बाप्या आहेस का तू?
नणंदा पदर तोंडात घालून हसल्या.
महिन्याभरात 'आले' शिकलो."
आणि जीभ चावली.
'स्वतंत्र'समोर त्यांनी पाच लिहिले,
खोडले, दोन लिहिले,
मग चष्म्यावरून बघत म्हणाल्या,
"कधीचं विचारतेस?
'आलो' म्हणायचो तेव्हाचं, की आत्ताचं?"
फॉर्मवर तसा रकाना नव्हता.

विल्सन तुस्कानो, वसईचे.
पालिकेच्या इस्पितळात बावीस वर्षं नर्स, बहुतेक रात्रपाळ्या.
"बिल्ल्यावर ब्रदर आहे.
पण पहाटे तीनला टाके ठणकायला लागले
की पेशंट 'सिस्टर' म्हणूनच ओरडतो.
मी जातो."
राग नाही येत?
"हाक दुखण्याची असते, बाय.
माझी कुठे असते?"
रेघेवर बोट ठेवून विचारलं,
"ही काय, सलाइनची सुई?"
मग सात लिहिले, ठसठशीत,
रेघेच्या पलीकडे.

शिवडीचा प्रणील, वय चौदा.
आई मागे उभी, म्हणून कागदावर आडवा हात.
'रडका'ला एक.
पेन इतकं दाबलं
की पुढच्या पानावर, 'शूर'समोर,
न लिहिताच एक उमटला.

बाबांचा फॉर्म शेवटी भरला.
माझगावच्या गोदीत चौतीस वर्षं वेल्डर.
'हळवा'ला त्यांनीही एक दिला, चटकन,
गॅसच्या पावतीवर सही करावी तसा.
लहानपणी त्यांचे डोळे वाहायचे,
आई म्हणायची, आर्क लागलाय,
आणि बटाट्याच्या चकत्या ठेवायची पापण्यांवर.
ताईच्या पाठवणीला आर्क लागला होता.
आत्या गेली तेव्हाही, रविवार असून.
निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली.
परवा खालच्या मजल्यावरचा कुत्रा मेला,
आई काही न बोलता उठली
आणि बटाटा चिरायला घेतला.

मी म्हटलं, बाबा, एकच?
ते म्हणाले, कुणाला विचारतेस?
मला, की तुझ्या बापाला?

महिन्याने मॅडमनी आकडे पाहिले,
सात शब्दांवर काट मारली.
बायका आणि पुरुष, दोघांचे सारखेच आलेत,
म्हणाल्या, मापाला उपयोग नाही.
कणखर त्यात होता.
प्रेमळही.
बिल त्रेपन्न शब्दांचं निघालं.
सही केली,
आणि उरलेले सात बिनपैशाचे घेऊन
मी घरी आलो.